नव्या फोनची तुलना वाचकाच्या हातातल्या फोनशी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पानावर नव्या स्मार्टफोनची परीक्षणे नियमितपणे येतात आणि मी ती बरीच वर्षे आवडीने वाचत आले आहे. ती अभ्यासपूर्वक लिहिलेली असतात, भाषाही सुबोध असते. माझी तक्रार आहे ती त्यांतल्या तुलनेबद्दल. परीक्षणातला नवा फोन बहुतेक वेळा त्याच कंपनीच्या गेल्या वर्षीच्या फोनशी किंवा प्रतिस्पर्धी कंपनीच्या याच वर्षीच्या फोनशी ताडून पाहिला जातो. गेल्या वर्षी फोन घेतलेला माणूस मात्र या वर्षी पुन्हा फोन घ्यायला क्वचितच निघतो. परीक्षण वाचणाऱ्याच्या हातात तीन, चार, कधी सहा वर्षांपूर्वीचा फोन असतो आणि हा आता बदलावा की अजून वापरावा, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि स्क्रीनची उजळता यांचे सविस्तर वर्णन वाचून झाल्यावरही तो प्रश्न जिथल्या तिथे राहतो. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. घरातल्या आणि जवळच्या नात्यातल्या मंडळींचे फोन कधी बदलायचे, हे ठरवण्याचे काम कसे कोण जाणे माझ्याकडे आले आणि सवयीप्रमाणे मी त्याची एक वही घातली. कोणता फोन कधी घेतला, बॅटरी कधी बदलली, सुरक्षा अपडेट (सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी बुजवणाऱ्या, कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्या) कधी बंद झाले आणि शेवटी तो कोणत्या कारणाने टाकला, एवढ्याच नोंदी त्या वहीत आहेत. त्या चाळताना लक्षात येते की ज्या कारणासाठी फोन टाकला असे घरात सांगितले गेले, ते खरे कारण पुष्कळदा नव्हतेच. ‘फोन म्हातारा झाला’ असे आपण म्हणतो, पण फोनचे सगळे भाग एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत.

सर्वांत आधी थकते ती बॅटरी. आजच्या फोनमधली लिथियम-आयन बॅटरी ही मुळातच झिजणारी वस्तू आहे. शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंतचा एक पूर्ण वापर म्हणजे एक चक्र. अर्धी अर्धी दोनदा वापरली तरी हिशेबात ते एकच चक्र धरले जाते. अ‍ॅपलच्या स्वतःच्या माहितीनुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनच्या बॅटऱ्या आदर्श परिस्थितीत ५०० चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरतील अशा बेताने बनवलेल्या आहेत आणि आयफोन १५ पासून हा आकडा १,००० चक्रांवर गेला आहे. रोज एक चक्र संपवणाऱ्या माणसाची ५०० चक्रे दीड वर्षाच्या आत संपतात. उष्णता हा बॅटरीचा दुसरा शत्रू आहे. उन्हात ठेवलेल्या गाडीत विसरलेला किंवा चार्जिंगला लावून त्यावर तासन्‌तास खेळ खेळलेला फोन चक्रे संपण्याच्या आधीच क्षमता गमावतो.

क्षमता घटली की चार्ज लवकर संपतो, हे सर्वांना कळते. त्याच बॅटरीमुळे फोन संथही होऊ शकतो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली की तिचा दाब क्षणभर खाली घसरतो. वीस-तीस टक्के चार्ज दिसत असतानाही फोन अचानक बंद पडतो, तो यामुळे. असे बंद पडणे टाळण्यासाठी अ‍ॅपलने २०१७ च्या सुरुवातीला एका अपडेटमधून जुन्या बॅटऱ्यांच्या काही आयफोनचा वेग गरजेनुसार कमी करायला सुरुवात केली. ग्राहकांना हे स्पष्टपणे सांगितले गेले नव्हते. नवी बॅटरी टाकताच फोन पुन्हा पूर्वीसारखा धावतो, हे लोकांनीच मोजून दाखवले आणि डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने ते मान्य केले. पुढे फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने फेब्रुवारी २०२० मध्ये ग्राहकांना ही माहिती न दिल्याबद्दल कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. मधल्या काळात निव्वळ बॅटरी बदलण्याऐवजी नवा फोन घेऊन बसलेले लोक किती असतील, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

माझ्या भाचीच्या बाबतीत हेच घडत होते. तिचा साडेतीन वर्षांचा फोन दुपारपर्यंत मान टाकत असे. दुकानात तिला ‘आता यात पैसे घालण्यात अर्थ नाही, नवाच घ्या’ असा सल्ला मिळाला आणि तिचे मनही तिकडेच ओढत होते. बॅटरी तेवढी बदलून घेतली, तर तोच फोन पुढे आणखी दोन वर्षे चालला. सल्ला देणाऱ्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण त्याचा व्यवसायच विकण्याचा आहे; पण ज्याचा नफा एकाच उत्तरात आहे त्याला आपण प्रश्न विचारतो, हे विचारणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे.

संथपणाचे दुसरे कारण म्हणजे भरलेले स्टोरेज. फोनमधल्या फ्लॅश मेमरीत जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. आधी एक संपूर्ण गट पुसावा लागतो आणि मग तिथे लिहिता येते. मोकळी जागा भरपूर असेल तर हे काम फोन फुरसतीने उरकतो. जागा शेवटच्या काही टक्क्यांवर आली की दर वेळी आधी सामान हलवा, मग पुसा, मग लिहा, अशी त्याची धावपळ होते आणि साधा फोटो काढायलाही वेळ लागतो. आलेल्या शुभेच्छांची चित्रे आणि तेच तेच व्हिडिओ पुसून टाकल्यावर ‘नव्यासारखे’ झालेले दोन फोन माझ्या वहीत नोंदलेले आहेत.

बॅटरी बदलता येते, स्टोरेज मोकळे करता येते, फुटलेली काचही बदलता येते. ज्याला आपल्या हाताने काही करता येत नाही, ती गोष्ट म्हणजे सुरक्षा अपडेट. माझ्या मते फोन बदलण्याचा निर्णय याच एका तारखेभोवती फिरायला हवा आणि नेमकी हीच तारीख जाहिरातीत, दुकानात आणि, क्षमा करा, आपल्या परीक्षणांतही सहसा दिसत नाही.

याचे महत्त्व सांगण्यासाठी एक जुनी घटना आठवते. २०१५ च्या जुलैमध्ये अँड्रॉइडच्या चित्रफिती वाचणाऱ्या भागात ‘स्टेजफ्राइट’ या नावाने ओळखली जाणारी एक त्रुटी उघड झाली. मुद्दाम बिघडवलेली चित्रफीत संदेशातून पाठवून दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरता येईल, अशी ती होती आणि काही फोनमध्ये तर तो संदेश उघडण्याचीही गरज नव्हती. त्यानंतरच गूगलने दर महिन्याला सुरक्षा अपडेट काढण्याची पद्धत सुरू केली. पण गूगलने दुरुस्ती काढली म्हणजे ती आपल्या फोनपर्यंत पोचली असे होत नाही. मध्ये चिप बनवणारी कंपनी असते, फोन बनवणारी कंपनी असते; चिपवाल्याने जुन्या चिपसाठीचे सॉफ्टवेअर सांभाळणे थांबवले की फोनवाल्याची इच्छा असली तरी त्याला पुढे जाणे अवघड होते. म्हणून दिसायला धडधाकट असलेला अँड्रॉइड फोन पूर्वी दोन-तीन वर्षांतच या बाबतीत पोरका होत असे.

ही परिस्थिती अलीकडे बरीच सुधारली आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मधील पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मधील गॅलेक्सी एस २४ पासून आपल्या वरच्या श्रेणीतल्या फोनना सात वर्षे अपडेट देण्याचे आश्वासन दिले आहे. अ‍ॅपलने असे लांबचे आकडे फारसे जाहीर केले नाहीत, तरी २०१३ मध्ये आलेल्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही एक सुरक्षा अपडेट मिळाले होते. मात्र या आश्वासनांत एक मेख आहे आणि हिशेबाची सवय असलेल्या माणसाच्या नजरेतून ती सुटत नाही. ही वर्षे मोजली जातात ती फोन बाजारात आल्यापासून, आपण विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षांपूर्वीचा फोन भरघोस सवलतीत मिळतो तेव्हा त्याच्या आयुष्यातली दोन वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात. सात वर्षांच्या आश्वासनातून दोन वजा झाली तरी पाच उरतात, तेव्हा तो सौदा उत्तम आहे. पण तीन वर्षांच्या आश्वासनातून दोन गेली तर उरते एकच वर्ष आणि सवलतीचा आनंद तेवढ्यापुरताच राहतो.

याचा दुसरा टोकाचा अनुभवही सांगते, नाहीतर मी जुन्याची आंधळी पुरस्कर्ती आहे असा समज व्हायचा. माझा स्वतःचा आधीचा फोन मी अपडेट बंद झाल्यावरही जवळजवळ दोन वर्षे हट्टाने वापरला. फोन चालत होता, काच शाबूत होती, मग कशाला बदलायचा, असे माझे म्हणणे होते. एका सकाळी बँकेच्या अ‍ॅपने ‘ही आवृत्ती आता चालणार नाही’ असे सांगून उघडायलाच नकार दिला. त्याच दिवशी एक रक्कम भरायची होती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत जो फोन मिळाला तो घ्यावा लागला. ना तुलना, ना विचार. काटकसर अशी अंगाशी येते. व्हॉट्सअ‍ॅपनेही मे २०२५ पासून आयओएसच्या, म्हणजे आयफोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, १५.१ पेक्षा जुन्या आवृत्त्यांवर चालणे बंद केले, तेव्हा २०१४ मधले आयफोन ६ वापरणारे लोक एका तारखेला संवादाच्या त्या साधनापासून तुटले. बँकेची, तिकिटांची, ओळख पटवण्याची सगळी कामे फोनवर आलेली असताना अपडेट संपलेला फोन मुख्य फोन म्हणून वापरणे शहाणपणाचे नाही, असे आता मी ठामपणे म्हणते. असा फोन घरात गाणी ऐकायला, घड्याळ म्हणून किंवा मुलांना फोटो काढायला ठेवावा. त्यात बँक नसावी.

नव्या फोनमुळे खरोखर काय मिळते, याचेही मोजमाप व्हायला हवे. कॅमेऱ्याबद्दल सर्वाधिक लिहिले जाते आणि सर्वाधिक गोंधळही तिथेच आहे. फोटो चांगला येण्यासाठी लागतो प्रकाश आणि प्रकाश गोळा करण्याचे काम सेन्सरचा आकार आणि लेन्स करतात. मेगापिक्सेलचा आकडा यात फार काही सांगत नाही. ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा सहसा चार-चार बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो आणि २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा सोळा-सोळा बिंदू एकत्र करून साधारण तेवढ्यावरच येऊन थांबतो. शिवाय गेल्या काही वर्षांतली मोठी सुधारणा काचेतली नसून गणितातली आहे. एकापाठोपाठ अनेक फोटो काढून ते एकमेकांवर नीट बसवायचे आणि अंधारातला कणीदारपणा घालवायचा, ही युक्ती गूगलने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पिक्सेल फोनमध्ये आणली, तेव्हा ती त्या वर्षीच्या पिक्सेल ३ बरोबर २०१६ मधल्या पहिल्या पिक्सेललाही मिळाली. दोन वर्षांच्या जुन्या फोनला रात्री दिसू लागले, तेही काहीही विकत न घेता! परीक्षणकारांनी नव्या फोनमधली कोणती सुधारणा सुट्या भागांमुळे आहे आणि कोणती सॉफ्टवेअरमुळे, एवढे वेगळे करून सांगितले तरी वाचकाचा मोठा फायदा होईल.

प्रोसेसरचेही तसेच. चिप बनवण्याचे तंत्र २०१८ च्या सुमारास ७ नॅनोमीटर, २०२० मध्ये ५ आणि २०२३ मध्ये ३ नॅनोमीटर अशा नावांनी पुढे सरकले. हे आकडे आता प्रत्यक्ष मापाचे न राहता पिढीच्या नावासारखे वापरले जातात, पण पिढीमागून पिढी तेच काम कमी विजेत होते, हे खरे आहे. एका वर्षाच्या अंतराने हा फरक संदेश, नकाशा, बातम्या आणि बोलणे एवढ्या वापरात जाणवत नाही. पाच वर्षांच्या अंतराने मात्र तो हाताला कळतो. फोन तापत नाही, नकाशा लावून लांबचा प्रवास केला तरी चार्ज उरतो. म्हणजे जो जितका थांबला, त्याला तितकी मोठी उडी मिळते. दर वर्षी फोन बदलणारा प्रत्येक वेळी पूर्ण किंमत मोजून छोटीशी पायरी चढतो.

काही सोयी अशा आहेत की त्यांच्यासाठी चालता फोन बदलणेही योग्य ठरते. माझ्या सासऱ्यांचे श्रवणयंत्र फोनला थेट जोडता येते, हे आम्हाला उशिरा कळले. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून आली आणि त्यासाठी फोन आणि यंत्र दोन्ही जुळणारे असावे लागतात. त्यांचा फोन त्याआधीचा होता, अजून उत्तम चालत होता आणि माझ्या वहीच्या नियमाने तो आणखी वर्षभर ठेवायला हवा होता. आम्ही तो बदलला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांनी फोनवर पलीकडच्या माणसाला ‘काय म्हणालात?’ असे न विचारता अर्धा तास गप्पा मारल्या. हिशेबाच्या वहीत या लाभासाठी रकाना नाही. नेटवर्क नसलेल्या ठिकाणाहून उपग्रहामार्फत मदत मागण्याची २०२२ मधल्या आयफोन १४ पासून आलेली सोयही अशीच आहे. जो डोंगरात एकटा फिरतो त्याला ती अमूल्य आहे आणि ज्याचा दिवस घर ते कार्यालय एवढाच आहे त्याच्यासाठी ती केवळ जाहिरातीतली एक ओळ आहे, अर्थात ती जिथे उपलब्ध असेल तिथे.

पुढे उपयोगी पडेल म्हणून आजच नव्यातला नवा फोन घ्यावा, या युक्तिवादाबद्दल मात्र मी साशंक आहे. २०२४ मध्ये अ‍ॅपलने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आपल्या सोयी जाहीर केल्या, तेव्हा जेमतेम वर्षभर आधी आलेला साधा आयफोन १५ त्यातून वगळला गेला आणि त्याच्याच सोबत आलेल्या प्रो फोनना तेवढी ती सोय मिळाली. भविष्यासाठी घेतलेल्या फोनला त्या भविष्यात प्रवेश मिळेलच, याची हमी कोणी देत नाही. रॅम (चालू असलेल्या कामासाठीची तात्पुरती मेमरी) आणि स्टोरेज मात्र नंतर वाढवता येत नाहीत, म्हणून तिथे एक पायरी वर जाणे मला योग्य वाटते; बाकी गरज आज जेवढी आहे तेवढीच पाहावी.

तोट्यांच्या बाजूला काही गोष्टी अशा आहेत की नवा फोन हातात आल्यावरच त्या कळतात. आयफोनमधली हेडफोनची खाच २०१६ मध्ये गेली, चार्जर खोक्यातून २०२० मध्ये गेला, सॅमसंगच्या एस मालिकेतील मेमरी कार्डाची जागा २०२१ मध्ये गेली आणि मग इतर कंपन्यांनीही कमी-अधिक प्रमाणात तोच रस्ता धरला. जुन्या फोनबरोबर घेतलेले हेडफोन, कार्ड, कव्हर हे सारे एकदम निरुपयोगी होते आणि त्याचा खर्च फोनच्या किमतीत कोणी धरत नाही. नवे म्हणजे निर्दोष, असेही नाही. २०१६ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच बॅटरी पेट घेऊ लागल्याने परत बोलवावा लागला, बदलून दिलेल्या फोनमध्येही तोच धोका दिसला आणि ऑक्टोबरमध्ये त्याचे उत्पादनच थांबवले गेले. एवढे टोकाचे सहसा होत नाही, पण बाजारात येऊन चार-सहा महिने झालेल्या फोनच्या खोडी लोकांना ठाऊक झालेल्या असतात आणि किंमतही बहुधा उतरलेली असते.

शिवाय घर बदलण्यासारखेच हे सामान हलवण्याचे काम आहे. फोटो आणि संपर्क सहज जातात; अडते ते भलतीकडेच. दुहेरी पडताळणीचे सांकेतिक आकडे देणारे अ‍ॅप जुन्या फोनवर राहिले आणि जुना फोन आधीच पुसून दिला, तर आपल्याच खात्याच्या दाराबाहेर उभे राहण्याची वेळ येते. माझ्या एका सहकाऱ्याला ईमेल परत मिळवायला आठ दिवस लागले. त्यामुळे जुना फोन निदान पंधरा दिवस तरी हातचा सोडू नये आणि ‘जुना द्या, नवा घ्या’ योजनेत तो त्याच दिवशी मागत असतील तर सगळी खाती नव्या फोनवर उघडून पाहिल्याशिवाय देऊ नये. देताना आधी खात्यातून बाहेर पडावे आणि मग फॅक्टरी रीसेट करावे, म्हणजे फोन मुळासारखा कोरा करावा. आजच्या फोनमध्ये साठवलेला मजकूर कुलूपबंद स्वरूपात असतो आणि रीसेटने त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते, म्हणून ही साधी कृती पुरेशी आहे. पण खाते तसेच राहिले तर फोन पुढच्या माणसाला उघडत नाही आणि तो परत आपल्या दारात येतो.

जुना फोन दुरुस्त करण्यालाही मर्यादा आहेत, हे सांगायला हवे. पाण्यापासूनचे संरक्षण हे कडेच्या चिकट सीलवर अवलंबून असते. ते सील वर्षांगणिक सैल होते आणि बॅटरीसाठी फोन एकदा उघडला की ते नव्याने नीट बसवले तरच संरक्षण उरते. हलक्या प्रतीची बॅटरी बसवून घेणे तर बॅटरी न बदलण्यापेक्षा वाईट. आणि बॅटरी फुगून पाठ उचलली गेली असेल तर कोणताही हिशेब न करता तो फोन चार्जिंगला लावणे त्या क्षणी थांबवावे.

आता हिशेबाकडे येते. आमच्या व्यवसायात यंत्राची किंमत त्याच्या उपयुक्त वर्षांवर विभागून दर वर्षी घसारा धरतात. फोनलाही तेच लावले तर ‘हा फोन कितीला पडला’ याऐवजी ‘हा फोन महिन्याला कितीला पडतो’ हे दिसू लागते. एका फोनची किंमत दुसऱ्याच्या दीडपट आहे, पण पहिल्याला सात वर्षे अपडेट आहेत आणि दुसऱ्याला तीन. पाचव्या वर्षी एक बॅटरी बदलण्याचा खर्च धरला तरी महाग दिसणारा फोन दरमहा स्वस्त ठरतो, अर्थात तो सात वर्षे वापरण्याची तयारी असेल तर. दोन वर्षांनी बदलायचाच असेल तर हा सगळा हिशेब उलटतो. म्हणून फोन निवडण्याआधी माणसाने स्वतःची सवय ओळखावी.

याच विभागणीला पर्यावरणाचीही बाजू आहे. मोठ्या कंपन्या आपल्या फोनबद्दल जे अहवाल स्वतः प्रसिद्ध करतात, त्यांनुसार फोनच्या संपूर्ण आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनापैकी साधारण ८० टक्के वाटा तो बनवतानाच खर्ची पडतो; आपण चार्जिंगला वापरतो ती वीज त्यामानाने किरकोळ आहे. त्यामुळे नवा फोन कमी वीज खातो म्हणून तो घेणे पर्यावरणाच्या हिताचे आहे, हा दावा टिकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२२ या एका वर्षातला जगाचा ई-कचरा ६.२ कोटी टन दिला आहे आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. वजनाने फोनचा वाटा त्यात लहान आहे, पण त्यातले कोबाल्ट, सोने, तांबे हे जमिनीतून काढताना मोजावी लागलेली किंमत वजनावरून कळत नाही. कपाटात पडून राहिलेले दोन-तीन जुने फोन बहुतेक घरांत असतात. माझ्याही घरात आहेत, हे कबूल करते.

हे सगळे संपादकांना लिहिण्याचे कारण म्हणजे वाचकाला लागणारी माहिती देणे शक्य आहे, हे युरोपीय संघाने दाखवून दिले आहे. तिथे २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या स्मार्टफोनवर एक पट्टी लावावी लागते. बॅटरी किती चक्रे टिकेल, फोन पडल्यावर किती तग धरतो आणि दुरुस्तीला किती सोपा आहे, हे ग्राहकाला त्या पट्टीवर दिसते. बॅटरीने ८०० चक्रांनंतर निदान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, त्या फोनची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि निदान पाच वर्षे अपडेट दिले पाहिजेत, असे तिथले नियम आहेत. अनेक कंपन्या जगभर तेच फोन विकतात. म्हणजे माहिती तयार आहे, ती फक्त परीक्षणात उतरवायची आहे.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी, गुणांच्या ताऱ्यांऐवजी किंवा हवे तर ताऱ्यांच्या शेजारी, या फोनचे सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षाच्या कोणत्या महिन्यात संपणार आहेत, हे ठळकपणे छापावे. बॅटरी किती चक्रांची आहे आणि ती बदलून मिळते का, हे लिहावे. तुलनेसाठी त्याच कंपनीचा चार वर्षांपूर्वीचा फोन नवी बॅटरी टाकून शेजारी ठेवावा आणि दोघांनी काढलेला एकाच अंधाऱ्या खोलीतला फोटो छापावा. वाचक आपले आपण ठरवतील. आणि वर्षातून एकदा तरी दोन वर्षे वापरलेल्या फोनचे परीक्षण यावे, कारण पहिल्या आठवड्यात सगळेच फोन गुणी असतात.

माझ्या सध्याच्या फोनची अपडेटची मुदत पुढच्या वर्षी संपत आहे आणि मला नवा फोन शोधावा लागणार आहे. ही विनंती पूर्णपणे निःस्वार्थी नाही, हेही सांगून ठेवते.

आपली,
एक नियमित वाचक